पोर्ट लुईचे नाले आणि पुढे ढकललेल्या निवडणुका

मॉरिशस म्हटलं की आपल्याला हनिमूनचे फोटो आठवतात, नाहीतर कोकणातून गिरमिटावर गेलेल्यांच्या पणतवंडांचा गणेशोत्सव. मला मात्र तिथल्या नगरपालिकांचा इतिहास जास्त ओळखीचा वाटतो. का, ते बघा.

राजधानी पोर्ट लुईला नगरपालिका मिळाली 1850 साली, इंग्रजांच्या अमलात. म्हणजे परंपरा चांगलीच जुनी. पण 1968ला देश स्वतंत्र झाला आणि लवकरच निवडणुका लांबवायची सवय लागली. 1972ची सार्वत्रिक निवडणूकच मुळी 1976च्या डिसेंबरात झाली. नगरपालिकांचं तर विचारूच नका. 2005ला निवडून आलेले नगरसेवक 2012च्या डिसेंबरपर्यंत खुर्चीवर. पुढची निवडणूक जून 2015ला, आणि त्यानंतरची थेट 4 मे 2025ला! आधी कोविडचं कारण, मग कायद्यात दुरुस्ती. हे इतकं सहज जमतं, कारण तिथल्या राज्यघटनेत नगरपालिकांना संरक्षणच नाही. साधा कायदा बदलला की काम झालं. (आपल्या घटनेत पाच वर्षांची मुदत स्पष्ट लिहिलेली आहे. तरी मार्च 2022ला मुंबई महापालिकेची मुदत संपल्यावर प्रशासक बसला तो काही वर्षं हललाच नाही. असो.)

याची किंमत काय असते? 30 मार्च 2013ला पोर्ट लुईवर दोनेक तासांत दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधल्या उतारावर दाटीवाटीने वाढलेलं शहर. पाण्याला वाटच उरली नव्हती. ते भुयारी मार्गात आणि पार्किंगमध्ये घुसलं. 11 माणसं गेली. आता जाब विचारायचा कुणाला? बांधकामाचा परवाना देते नगरपालिका, मोठे नाले बांधतं सरकारी खातं, आणि नगरपालिकेचा बराचसा पैसा येतो सरकारी अनुदानातून. 2017मध्ये नाल्यांसाठी वेगळं प्राधिकरण काढलं, तेही सरकारच्याच हाताखाली. जानेवारी 2024मध्ये बेलाल चक्रीवादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहत गेल्या, तेव्हा नगरसेवक अजून 2015चेच होते.

शहरांबाहेरची गोष्ट आणखी मजेशीर. त्रिओलेची लोकसंख्या वीस हजारांवर, बाजारपेठ मोठी, पण कागदोपत्री ते गावच. कारभार बघायला नऊ जणांची ग्रामपरिषद. गावांत घरपट्टी नाहीच. लोक खूश, परिषदेची तिजोरी मात्र रिकामी. गाव वाढत जातं तसा कचरा, गटारं, रस्त्यावरचे दिवे हे सगळं वाढतं, पण त्यासाठी स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न नाही. प्रत्येक गोष्टीला वर हात पसरायचा.

या ग्रामपरिषदांची निवडणूक झाली नोव्हेंबर 2020मध्ये. कायद्याने मुदत सहा वर्षांची. पुढची तारीख पाळतात का, यावर माझं लक्ष आहे.