इंजिन बदलले, आता ‘मेंदू’ही बदला!

मोटारीचे मूळ इंजिन काढून त्या जागी अधिक ताकदीचे टर्बो इंजिन बसविण्याचा छंद जपान, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत अनेक वर्षांपासून रुजलेला आहे. इंजिन उतरविणे, नवे चढविणे, पाइप व वायरिंग जोडणे हे सारे डोळ्यांना दिसणारे काम. मात्र ते इंजिन किती दिवस टिकेल, हे ठरविणारी वस्तू पुस्तकाएवढ्या आकाराच्या धातूच्या पेटीत दडलेली असते. ही पेटी म्हणजे इंजिनाचा संगणक, अर्थात ईसीयू.

एक गाजलेला बदल

या विषयाचे उत्तम उदाहरण म्हणजे निस्सानची २४०एसएक्स. जपानमधील सिल्व्हिया या मोटारीची ही अमेरिकी भावंड १९९८पर्यंत तेथे विकली गेली. तिला २.४ लिटरचे, टर्बो नसलेले इंजिन होते. १९९१ नंतरच्या आवृत्तीत त्याची ताकद सुमारे १५५ अश्वशक्ती होती. जपानमधील सिल्व्हियाला मात्र १९९१पासून एसआर२०डीईटी हे १९९८ सीसीचे टर्बो इंजिन मिळाले. आरंभी त्याची ताकद २०५ अश्वशक्ती होती, पुढील पिढीत ती २२० झाली. दोन्ही गाड्यांचा सांगाडा एकच असल्याने हे इंजिन २४०एसएक्समध्ये फारशी कापाकापी न करता बसते. त्यामुळे हजारो अमेरिकी शौकिनांनी हा बदल केला.

अशा गाडीत जुना संगणक उपयोगाचा नसतो. टर्बोने दाबून भरलेल्या हवेचा हिशेबच त्याच्या स्मृतीत नसतो. म्हणून इंजिनाबरोबर त्याचा जपानी संगणक आणि वायरिंगही आणले जाते. इंजिन मूळ अवस्थेत असेल तर यावर काम भागते. पुढे टर्बो मोठा केला किंवा हवेचा दाब, म्हणजे बूस्ट, वाढविला की हा संगणकही तोकडा पडतो.

संगणक नेमके काय करतो?

आत येणारी हवा तप्त तारेच्या संवेदकाने मोजली जाते. त्या मापाला इंजिनाच्या फेऱ्यांनी भागून संगणक प्रत्येक फेरीतील भार काढतो. त्यावरून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा आणि ठिणगी केव्हा टाकायची, हे तो ठरवितो. ही उत्तरे फेऱ्या आणि भार यांच्या तक्त्यात कारखान्यातच लिहून ठेवलेली असतात. या तक्त्यालाच ‘मॅप’ म्हणतात.

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते. टर्बो भरात असताना मात्र हे प्रमाण साधारण ११ ते १२ भाग इतके खाली ठेवतात. जादा पेट्रोलमुळे सिलिंडरमधील उष्णता आटोक्यात राहते. पेट्रोल कमी पडले अथवा ठिणगी फार लवकर पडली, तर उरलेले मिश्रण एकाएकी पेट घेते. यालाच नॉकिंग म्हणतात. भर वेगात असे काही सेकंद झाले तरी पिस्टनच्या कडा तुटू शकतात. हजारो डॉलरचे इंजिन भंगारात जाण्यास तेवढे पुरेसे असते.

मूळ संगणक कोठे अडतो?

एसआर२०डीईटीच्या आरंभीच्या आवृत्तीत बूस्ट सुमारे ७ पीएसआय, तर इंजेक्टर मिनिटाला ३७० सीसीचे असतात. बूस्ट बराच वाढविला की हवा मोजणाऱ्या संवेदकाचा विद्युतदाब ५ व्होल्टच्या कमाल पातळीला टेकतो. त्यापुढे हवा वाढली तरी संगणकाला ते कळत नाही. पेट्रोल तेवढेच राहते आणि मिश्रण पातळ होते. म्हणून अनेक जण निस्सानच्याच ३००झेडएक्सचा मोठा संवेदक बसवितात. परंतु त्याचे माप वेगळे असल्याने संगणकाला नवी पट्टी शिकवावीच लागते.

इंजेक्टरचेही तेच. ३७०ऐवजी ५५० सीसीचे इंजेक्टर घातले, तर तेवढ्याच पेट्रोलसाठी ते मूळ वेळेच्या सुमारे ६७ टक्केच उघडे राहायला हवेत. शिवाय विद्युतप्रवाह मिळाल्यापासून इंजेक्टर प्रत्यक्ष उघडेपर्यंत जाणारा वेळ प्रत्येक जातीचा निराळा असतो आणि बॅटरीचा दाब घटला की तो वाढतो. हा आकडा चुकला तर गाडी उभ्या जागी अडखळते.

इंधनाचा प्रश्न तर मूळ अवस्थेतील इंजिनालाही भेडसावतो. जपानी संगणकातील ठिणगीचा मॅप तेथील १०० ऑक्टेनच्या उंची पेट्रोलसाठी आखलेला असतो. कॅलिफोर्नियातील ९१ अंकाचे प्रीमियम पेट्रोल जपानी मोजपट्टीवर ९५-९६च्या आसपास भरते. त्यामुळे तेथे ठिणगी थोडी उशिरा टाकणे शहाणपणाचे ठरते.

तीन मार्ग

* मूळ संगणकाचे पुनर्लेखन : जुन्या संगणकातील मॅप बदलून नवा लिहिला जातो. ऑस्ट्रेलियातील निस्ट्यून ही कंपनी मूळ पेटीच्या आत बसणारा बोर्ड बनविते. त्यामुळे लॅपटॉप जोडून तक्ते बदलता येतात. थंड इंजिन सुरू होणे, उभ्या जागी फेऱ्या स्थिर राहणे हे कारखान्याचे गुण कायम राहतात. मध्यम ताकदीसाठी हा मार्ग किफायतशीर आहे.

* जोडसंगणक : हा संवेदक आणि मूळ संगणक यांच्या मध्ये बसून हवेचा संकेत कमी-जास्त करतो. तो स्वस्त असला तरी त्यात एक धोका आहे. मोठ्या इंजेक्टरचे पेट्रोल आवरण्यासाठी हवा कमी असल्याचे भासविले की संगणक भारही कमी समजतो आणि ठिणगी लवकर टाकतो. पेट्रोलचा हिशेब जुळतो, पण नॉकिंगला आमंत्रण मिळते.

* स्वतंत्र संगणक : मूळ पेटी काढून टाकली जाते. जपानच्या अपेक्सी कंपनीचा ‘पॉवर एफसी’ मूळ प्लगमध्येच बसत असल्याने या गाड्यांत बराच वापरला गेला. ऑस्ट्रेलियातील हॉल्टेक व मोटेक, न्यूझीलंडमधील लिंक ही अन्य परिचित नावे. यांपैकी बऱ्याच संगणकांत हवेचा संवेदक काढून केवळ दाबावरून हिशेब करता येतो. मोठ्या टर्बोसाठी हाच मार्ग योग्य. मात्र थंड सुरुवातीपासून सारे तक्ते नव्याने भरावे लागतात.

ट्यूनिंगचा क्रम

नवा संगणक बसविला म्हणजे काम संपले, असे नव्हे. प्रथम टायमिंग लाइटने ठिणगीचा मूळ कोन तपासतात. या इंजिनात तो १५ अंश असतो. प्रत्यक्षातील आणि संगणकाच्या पडद्यावरील कोन जुळला नाही, तर पुढचे सर्व आकडे निरर्थक ठरतात. त्यानंतर इंजेक्टर व संवेदकाची मापे भरतात. मग उभी गाडी, मंद वेग आणि शेवटी बूस्ट, या क्रमाने पुढे जातात.

बूस्टचे काम डायनोवर, म्हणजे चाके रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर करणे सुरक्षित. मिश्रण मोजण्यासाठी रुंद पल्ल्याचा ऑक्सिजन संवेदक अत्यावश्यक आहे. कारखान्याचा संवेदक १४.७च्या आसपासच अचूक असतो. सुरुवात कमी बूस्ट, जास्त पेट्रोल आणि उशिराच्या ठिणगीने करावी. ठिणगी थोडी थोडी अलीकडे आणत जावी आणि ताकद वाढेनाशी झाली किंवा नॉकिंगची चाहूल लागली की मागे फिरावे. पंप कमजोर असेल तर कोणताही संगणक पेट्रोल निर्माण करू शकत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

कायदा काय सांगतो?

कॅलिफोर्नियात बदललेले इंजिन गाडीच्याच वर्षाचे किंवा त्यानंतरचे असावे लागते आणि त्याची प्रदूषणरोधक सामग्री पूर्ण असावी लागते. एसआर२०डीईटी अमेरिकेत कधी विकलेच गेले नसल्याने ही कसोटी पार करणे तेथे दुरापास्त आहे. नव्या गाड्यांच्या संगणकातील आज्ञावली मूळची वा मान्यताप्राप्त आहे का, याचीही तपासणी १९ जुलै २०२१पासून तेथे होते.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ही भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. त्यामुळे इंजिनाला हात लावण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात चौकशी करणे इष्ट.