जुन्या बुलेटवर ब्रेक कोणत्या पायाशी?

नाशिक जिल्ह्यातील विंचूरच्या रस्त्यावर कांद्याचा ट्रॅक्टर अचानक आडवा आला, तर नव्या मोटारसायकलची सवय असलेला स्वार जुन्या बुलेटवर हमखास गोंधळतो. तिचा गिअर उजव्या पायाशी, मागचा ब्रेक डाव्या पायाशी. आजच्या गाड्यांत नेमके उलटे. घाईत ब्रेकऐवजी गिअरच दाबला जातो. त्यातून ड्रम ब्रेक असल्याने पुढील वाहनापासून अंतर राखलेले बरे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे असून, जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकत नाही. येझदीची गंमत निराळी! किक आणि गिअरची दांडी एकच. ५० वर्षांवरील, मूळ स्वरूपातील दुचाकीला २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेतील क्रमांक मिळतो. मात्र ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.