आजींनी शनिवार मोडला तो दिवस

स्मरणिकेसाठी काही लिहा, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. सातवी शिकलेल्या बाईने इतिहास काय लिहायचा? पण मग दौंडच्या आजी आठवल्या. मी नाही लिहिले तर इथे शिरूरला त्यांच्याबद्दल कोण लिहिणार!

माझे माहेर दौंडचे. वडील रेल्वेत होते. आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एक बेने इस्रायल कुटुंब राहत असे, म्हणजे आपले मराठी ज्यू. ह्या लोकांचे मूळ घर अलिबागकडचा किनारा. नवगावजवळ गलबत फुटले आणि त्यातून वाचलेली सात जोडपी ते आपले पूर्वज, असे ते परंपरेने सांगतात. कोकणात ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पुढे इंग्रजी अमलात पलटणीत, रेल्वेत, कचेऱ्यांत नोकऱ्या धरून पुष्कळजण घाटावर आले. आडनावे मात्र गावांचीच राहिली, पेणकर, नवगावकर अशी.

आजी नऊवारी नेसत आणि आमच्यापेक्षा चोख मराठी बोलत. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत त्यांच्याकडे दिवा लागे, तो लागला की शनिवार संध्याकाळपर्यंत चूल बंद. प्रवास नाही, पैशाला हात लावणे नाही. दारफळणीच्या सणाला दिवसभर कडक उपास. त्या दिवशी त्यांच्या दाराशी हाका मारायच्या नाहीत, असे आईने आम्हांला बजावलेले असे. आणि एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा केला की गोड पोहे, ओले खोबरे, फळे असे भरलेले ताट पहिल्यांदा आमच्याकडे येई. ते पोहे मला काही केल्या तसे जमत नाहीत!

आता मुख्य गोष्ट. माझ्या जन्माच्या वेळी आई दोन दिवस अडली होती. सुईण म्हणे, होईल सगळे ठीक. आमची आजी देव पाण्यात घालून बसलेली. शनिवारी सकाळी शेजारच्या आजी आत आल्या, आईकडे एकदा पाहिले आणि वडिलांना म्हणाल्या, "गाडी किती वाजता आहे? हिला पुण्याला न्यायचं." त्या स्वतः बरोबर निघाल्या. वडील म्हणाले, "आजी, आज तुमचा शनिवार." त्यावर म्हणाल्या, "जीव वाचवायला शनिवार मोडावा, हे आमचा धर्मच सांगतो. चल."

त्यांना एवढा धीर कुठून आला ते मला मोठेपणी कळले. त्यांचे पहिले बाळंतपण मुंबईच्या कामा हॉस्पिटलात झाले होते. तेव्हा तिथल्या मुख्य डॉक्टर होत्या जेरुशा झिराड, त्यांच्याच समाजाच्या. अलिबागजवळच्या झिराड गावावरून ते आडनाव. जेरुशाबाई १८९० साली जन्मल्या, पुण्याच्या हुजूरपागेत शिकल्या, लंडनला जाऊन १९१९ साली एम. डी. झाल्या. १९२८ ते १९४७ कामा हॉस्पिटल त्यांच्या हाती होते. मुंबईत बाळंतपणात बायका का मरतात, ह्याची तपासणी करून त्यांनी लिहिलेला अहवाल १९४१ साली सरकारने छापला. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि भगिनींनो, आपण मंडळाचे कौतुक करतो, पण बेने इस्रायल स्त्रीमंडळ ह्या बाईंनी मुंबईत १९१३ सालीच काढले होते! आजी त्यांना नुसते 'आमच्या डॉक्टरीणबाई' म्हणत. घरी अडून बसू नये, वेळेत दवाखाना गाठावा, हे त्या तिथेच शिकल्या, आणि दौंडच्या किती सुनांना त्यांनी ते ऐकवले असेल, देव जाणे.

१९४८ नंतर त्यांचे बहुतेक लोक इस्रायलला गेले. आजींचे मुलगेही एकेक करून गेले. आजी मात्र इथेच राहिल्या, मी शाळेत असताना इथेच वारल्या. मग सूनबाईही निघाल्या. जाताना मलिद्याचे पितळी ताट आईला देऊन गेल्या. माझ्या लग्नात ते ताट माझ्याबरोबर शिरूरला आले. मंडळाच्या हळदीकुंकवाला तिळगूळ असतो तो त्याच ताटात. त्याच्या काठावर आजींचे नाव बाळबोध अक्षरात कोरलेले आहे. घासताना ते बोटांना लागते.