घरावरचे थर : माळवद, कौल आणि स्लॅब

जुना वाडा उतरवताना आपण तुळया, खांब आणि दारांच्या चौकटी जपून बाजूला ठेवतो. छप्पर मात्र सर्वांत आधी मोडले जाते आणि त्याची नोंद कुणी ठेवत नाही. आपली घराणी ज्या ज्या मुलुखात स्थिरावली, तिथल्या ऊनपावसाशी त्यांनी कसे जमवून घेतले, हे छपराइतके दुसरीकडे कुठे स्पष्ट दिसत नाही. म्हणून हा इतिहास थोडक्यात मांडतो.

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, हैदराबादेत सुमारे ८००. एवढ्या एका फरकाने घरांचे दोन घाट पडले. पावसाच्या मुलुखात उतरती पाखी आणि नळीची कौले. कोरड्या दख्खनेत सपाट माळवद. बेळगाव शहर कौलांचे, तर त्याच जिल्ह्यात पूर्वेला अथणीकडे जावे तो धाब्याची घरे लागतात. इंदूरकर ज्यांना कवेलू म्हणतात आणि वडोदेकर नळियां, ती या नळीच्या कौलांचीच भावंडे. ग्वाल्हेरीस वालुकाश्माच्या लांब फरश्या मिळत, म्हणून तिथे छपरालाही दगडी पटियाच घातल्या गेल्या.

माळवद म्हणजे तुळयांवर फळ्या किंवा फांद्या, त्यांवर मातीचा जाड थर आणि सर्वांत वर पाणी न झिरपू देणारी पांढरी माती. दुपारचे ऊन या मातीतून खाली उतरेपर्यंत रात्र होई, आणि तोवर घरची माणसे माळवदावरच अंथरूण टाकून झोपलेली असत. नळीच्या कौलांचेही तसेच. उताणे आणि पालथे असे दुहेरी थर, मधे हवा, खाली माळा. ऊन अडवणे हे एका वस्तूचे काम नव्हते, थरांचे होते. याची किंमत म्हणजे दरसालची मेहनत. पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकावी लागे आणि कौले शाकारावी लागत. वानरांनी, मांजरांनी, वाऱ्याने सरकवलेली नळी पुन्हा बसवणारा माणूस वेळेवर मिळाला नाही, तर जूनभर घरात पातेली मांडावी लागत.

ही मेहनत वाचवणारे कौल मंगळुरात तयार झाले. एकमेकांत खाचेने अडकणारे कौल १८४१ मध्ये आल्सासमधील जिलार्दोनी बंधूंनी काढले होते. स्वित्झर्लंडच्या बासेल मिशनचे लोक १८३४ पासून मंगळुरात होते. धर्मांतरामुळे जातीचा धंदा सुटलेल्या माणसांना काम देणे ही मिशनची अडचण होती, आणि नेत्रावतीकाठी उत्तम चिकणमाती होती. १८६५ मध्ये प्लेब्स्ट या मिशनऱ्याच्या पुढाकाराने तिथे कौलांचा कारखाना सुरू झाला. पाहता पाहता इतर कारखाने निघाले. समुद्रमार्गे हे कौल किनाऱ्याने वर आणि पूर्व आफ्रिकेपर्यंत गेले. पुढे रेल्वेने ते घाटमाथ्यावर चढले. पहिल्या महायुद्धात मिशनचा उद्योग इंग्रज सरकारने ताब्यात घेतला, तरी 'मंगलोरी' हे नाव राहिले.

चौरस मीटरला सुमारे १५ कौले, खाली नुसत्या रिपा, वजन कमी, शाकारणी जवळजवळ नाही. पण नळीच्या दुहेरी थराच्या जागी आता एकच पातळ थर आला. कारखानदारांना हे ठाऊक होते; म्हणूनच ते खाली बसवायची सपाट कौलेही बनवीत. ज्यांनी ती घातली त्यांची घरे थंड राहिली. ज्यांनी खर्च वाचवला, त्यांनी 'मंगलोरी कौलाखाली उकडते' असा दोष कौलालाच दिला.

पुढेही असेच घडत गेले. १८२९ मध्ये इंग्लंडात पेटंट झालेला पन्हळी पत्रा आपल्याकडे आला. पाणी अडले, ऊन थेट खाली आले. मग सिमेंटचा स्लॅब. त्यावर मजला चढवता येतो, गळती झाली नाही तर वर्षानुवर्षे पाहावे लागत नाही, आणि भाऊहिश्शात घर वाटून घेणेही सोपे. कारणे खरी होती. कुणाला दोष देण्याचे कारण नाही. मात्र काँक्रीट मातीपेक्षा उष्णता लवकर वाहून नेते. दिवसभर तापलेला पातळ स्लॅब संध्याकाळपासून खोलीत उष्णता सोडत राहतो, आणि सर्वांत वरच्या खोलीत बहुधा घरातली म्हातारी माणसे किंवा भाडेकरू असतात.

प्रत्येक वेळी आपण पावसाविरुद्धचा थर निवडला आणि उन्हाविरुद्धचा सोडून दिला. तो परत आणणे अवघड नाही. लॉरी बेकर यांनी केरळात स्लॅबच्या आतच जुनी मंगलोरी कौले घालून काँक्रीट आणि उष्णता दोन्ही कमी केली. गुजरातेत गच्चीवर पांढऱ्या चिनीमातीचे तुकडे बसवतात, ते उन्हाचा मोठा भाग परतवतात. तेलंगण सरकारने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. गळतीसाठी गच्चीवर पत्रा घालणार असाल, तर बाजू मोकळ्या ठेवा. मधली हवा वाहती राहिली की तो पत्रा स्लॅबवर सावली धरतो.

आणि घर उतरवायचेच असेल, तर छप्पर मोडण्यापूर्वी एक दिवस थांबा. त्यात किती थर आहेत ते मोजा, माती कुठून आणली जाई ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि लिहून ठेवा. चांगली कौले भंगारात देऊ नका. नव्या घराच्या स्लॅबमध्येही त्यांना जागा आहे.