सेटल झाला की केला? एका इंग्रजी क्रियापदाची आपल्या भागातली गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग एकाच शब्दावर आहे आणि तो तुम्ही कालपरवाच कुठेतरी ऐकला असणार. सेटल.

आपल्या वाशीत, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत, पोराचं शिक्षण संपलं की पहिला प्रश्न हाच: "मग, सेटल कधी होणार?" कुणी पुण्याला सेटल होतं, कुणी नवी मुंबईतल्या त्या दुसऱ्या वाशीत. भांडण मिटलं की मॅटर सेटल. चहाचे पैसे वाटून घेतले की हिशोब सेटल. थकलेल्या पीककर्जावर बँकेशी तडजोड झाली की वन टाइम सेटलमेंट.

एका शब्दाची इतकी कामं कशी? जुन्या इंग्रजीत 'सेट्ल' म्हणजे बसायची जागा. त्यावरून क्रियापद आलं, आणि बसणं-बसवणं दोन्हीला तेच चालतं. मराठीत मात्र 'मी बसलो' वेगळं आणि 'मला बसवलं' वेगळं. इतिहास वाचताना हा फरक फार कामाला येतो.

आता मागे जाऊ. १८५३ साली निजामाने फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड आणि रायचूर दोआबाबरोबर आपला धाराशिवचा भागही इंग्रजांच्या हवाली केला. नळदुर्ग जिल्ह्यावर अधिकारी म्हणून आला मेडोज टेलर, 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' कादंबरीचा लेखक. त्याने इथं जमीनमोजणी हाती घेतली. १८६० मध्ये हा भाग निजामाला परत गेला. जमीन मोजायची, प्रत लावायची, सारा ठरवायचा, याला इंग्रज सेटलमेंट म्हणत. आपण म्हणतो जमाबंदी. पुण्यातल्या जमाबंदी आयुक्तांचं इंग्रजी पदनाम आजही सेटलमेंट कमिशनरच आहे. म्हणजे सारा ठरवणारे वर, भरणारा शेतकरी खाली.

पण या शब्दाचा सगळ्यात कडू अर्थ सापडतो शेजारच्या सोलापुरात. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी तो उत्तरेत होता. १९११च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी, टकारी अशा कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. लेकराने अजून पाऊल टाकलं नाही, तोवर त्याच्या जातीवर शिक्का बसलेला! या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं, आणि त्या जागेचं नाव काय? सेटलमेंट. रोज हजेरी. बाहेर जायचं तर परवानगी. माणसं आतून गिरणीत कामाला जायची आणि परत कुंपणात यायची. सरकारच्या कागदावर ती 'सेटल' झाली होती. खरं तर त्यांना बसवलं होतं.

स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षं हा कायदा टिकला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो संपला. म्हणूनच हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात आणि 'भटके-विमुक्त' मधला 'विमुक्त' तिथूनच आला. कुंपण गेलं, पण सोलापुरात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हे नाव अजून आहे.

आणि आपल्याकडे? मराठवाड्यात अनेक पारधी कुटुंबं आजही गायरानावर राहतात. राहत्या जागेचा कागद हातात नाही, आणि आसपास चोरी झाली की पहिला संशय त्यांच्या पालावर. ज्यांना सरकारने जबरदस्तीने 'सेटल' केलं, त्यांच्याच नातवंडांना सेटल व्हायला जागा मिळत नाही.

हाच शब्द किल्लारीच्या भूकंपानंतरही आला. ३० सप्टेंबर १९९३ नंतर लातूर-धाराशिवमधली ५२ गावं नव्या जागी वसवली. रिसेटलमेंट, म्हणजे पुनर्वसन. घरं पक्की मिळाली, जीव वाचायची सोय झाली. पण घर-अंगण-शेजार नव्या आराखड्यात बसवावं लागलं.

तर मंडळी, 'सेटल' ऐकलं की एवढं विचारा: झाला, की केला? हा प्रश्न व्याकरणाचा वाटेल, पण त्याचं उत्तर कधी सातबाऱ्यावर सापडतं, कधी पालावर.

भेटू पुढच्या भागात.