किनारारेषेचे मोजमाप: नकाशापासून उपग्रहापर्यंत

बेळ्ळंदूरहून समुद्र सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. तरीही किनाऱ्याची धूप मोजण्याच्या भारतीय इतिहासातला एक महत्त्वाचा टप्पा याच शहरात घडला.

उपग्रहांपूर्वी किनारारेषा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवरून कळे. दोन सर्वेक्षणांत बरीच वर्षे जात. मधल्या काळात वाळू केव्हा गेली, केव्हा परतली, हे समजत नसे. २३ जुलै १९७२ रोजी लँडसॅट-१ अवकाशात गेला आणि एकाच किनाऱ्याचे चित्र दर १८ दिवसांनी घेता येऊ लागले. मात्र त्याचा एक पिक्सेल सुमारे ८० मीटरचा होता. मालवण तालुक्यातले देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांमधली चिंचोळी पट्टी. तिथे ८० मीटरांत घर, माड आणि रस्ता एकाच ठिपक्यात जातात.

१७ मार्च १९८८ रोजी बंगळुरूच्या इस्रो उपग्रह केंद्रात तयार झालेला आयआरएस-१ए बैकानूरहून सोडला गेला. त्याच्या लिस-२ कॅमेऱ्याचा पिक्सेल ३६.२५ मीटरचा होता. २००८ पासून लँडसॅटची चित्रे सर्वांना मोफत मिळू लागली आणि २०१५ मध्ये सेंटिनेल-२ ने पिक्सेल १० मीटरवर आणला.

पद्धत सोपी आहे. पाणी जवळचे अवरक्त किरण शोषून घेते, वाळू ते परावर्तित करते. या फरकावरून पाणी-जमिनीची सीमा काढतात. वेगवेगळ्या वर्षांच्या रेषा एकमेकींवर ठेवून, किनाऱ्याला काटकोनात छेदरेषा आखतात. रेषा जितके मीटर सरकली त्याला वर्षांनी भागले की वार्षिक वेग मिळतो.

इथेच सावध राहा. समजा, १९९० चे चित्र भरतीचे नसून ओहोटीचे आहे आणि २०१६ च्या चित्रात पाणी एक मीटर उंच आहे. किनाऱ्याचा उतार १:४० असेल, तर वाळूचा कणही न हलता रेषा ४० मीटर आत सरकलेली दिसेल. भागाकार केला की वर्षाला सुमारे दीड मीटर धूप! या खोट्या आकड्यावर कुठे बंधारा उभा राहील, कुणाला घर सोडावे लागेल. म्हणून चित्राची तारीख आणि वेळ घेऊन भरतीची दुरुस्ती आधी करायची.

राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळाचा अभ्यास करून देशाच्या मुख्य भूमीचा ३३.६ टक्के किनारा झिजत असल्याचे दाखवले. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.५ टक्के आहे.

अंदाज बांधताना हाच वेग पुढे नेतात. पण नदीमुखाशी नवी जेट्टी झाली, की गाळाची वाट बदलते आणि जुना वेग लागू राहत नाही. म्हणून अंदाजासोबत त्रुटीची मर्यादाही लिहावी.

स्वाध्याय: वरील उदाहरणात उतार १:१० घेऊन खोटा वेग काढा. सपाट किनाऱ्यावर भरतीची दुरुस्ती अधिक महत्त्वाची का, ते उत्तरावरून सांगा.