माळव्याच्या वाटेवरची जकात

धारहून मांडवगडाकडे जाणाऱ्या प्रवाशाला वाटेत नालछा हे गाव लागते. सुलतानांच्या काळातील वास्तूंचे अवशेष तेथे आजही दिसतात. पेंढाऱ्यांच्या धामधुमीनंतर सर जॉन माल्कम यांनी याच गावी एक पडका महाल दुरुस्त करून मुक्काम केला होता. माळव्याची नवी घडी तेव्हा त्यांच्या देखरेखीखाली बसत होती. १८१९ मध्ये धारच्या पवारांनी कंपनीशी तह केला. संस्थान टिकले, परंतु त्याला समुद्रकिनारा नव्हता. या उणिवेचे मोल साऱ्या माळव्याला द्यावे लागले.

माळव्याच्या काळ्या जमिनीत अफू उत्तम पिके व ती चीनमध्ये विकली जाई. बिहार व बनारसच्या अफूचा मक्ता कंपनीकडे होता. माळव्याची अफू मात्र संस्थानी मुलखातली. कंपनीने प्रथम संस्थानिकांशी करार करून हा व्यापार आवळून पाहिला. त्यामुळे चोरटा व्यापार तेवढा बोकाळला. राजपुताना व कराची या मार्गाने माल पोर्तुगीजांच्या दमण बंदरात जाऊ लागला. अखेर १८३० नंतर कंपनीने बंदी सोडून परवान्याची पद्धत सुरू केली. मुंबईकडे जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर ठरावीक रक्कम भरावी लागे. पेटीत सुमारे ६४ किलो अफू असे. १८३५ मध्ये हा दर १२५ रुपये होता.

दर याहून फार वाढविणे कंपनीला परवडण्यासारखे नव्हते. कारण मग माल कराचीकडे वळे. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला आणि ती वाट बंद झाली. त्याच वर्षी दर २०० रुपये झाला, १८४५ मध्ये ३०० आणि १८४७ मध्ये ४००. पेटी तीच, अफू तीच. नाहीशी झाली होती ती दुसरी वाट.

जमीन पवार, होळकर, शिंदे यांची, श्रम शेतकऱ्याचे. पण मोठी जकात मात्र बंदराच्या धन्याची. चीनमध्ये व्यसनाने घरे बुडाली, ती गोष्ट याहून दारुण. चीनकडे जाणारी ही निर्यात १९१३ मध्ये थांबली.

१९८२ च्या सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय करारात, किनारा नसलेल्या देशांच्या केवळ वाटेने जाणाऱ्या मालावर जकात घेऊ नये, असे तत्त्व नमूद झाले. त्याची गरज काय, हे माळव्याच्या इतिहासावरून सहज उमगते. जकातीचा दर मालाच्या किमतीवर ठरतो, तसाच तो व्यापाऱ्यापुढे दुसरी वाट उरली आहे की नाही, यावरही ठरतो.